मिटत्या चाकूची कुळकथा

गेल्या आषाढात माझ्या नातीने मला एक प्रश्न विचारला आणि त्या एका प्रश्नापायी माझा सबंध पावसाळा गेला. नात दहा वर्षांची आहे. शाळेतल्या तिच्या बाईंनी वर्गात लाकडाची एक चिमणी आणली होती. चिमणी ओबडधोबड, चोचीकडे जरा जाडच; पण सगळी एका खिशातल्या चाकूने कोरलेली. पटाशी नाही, कानस नाही, काचकागदसुद्धा नाही. घरी आल्याबरोबर पाठीवरचे दप्तर न उतरवता नातीने मला विचारले, "आबा, लाकूड तासायला चांगला चाकू कोणता?"

"कोणताच नाही," स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "बाबा, निदान तुमच्या बोटाकडे बघून तरी तिला उत्तेजन देऊ नका."

माझ्या उजव्या हाताची तर्जनी मिटत नाही. मूठ वळली तरी ती आपली सरळच. गेली सत्तरेक वर्षे मी साऱ्या जगाला बोट दाखवीत आलो आहे. पुढे मास्तरकी पत्करली तेव्हा त्याचा थोडा उपयोगही झाला. पण ते बोट असे का झाले, ही गोष्ट मी घरात कधी नीट सांगितली नव्हती.

ती १९५६ सालच्या दिवाळीची. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आमचे गाव. त्याच आठवड्यात, १ नोव्हेंबरला, द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले होते आणि आमच्या ओटीवर त्यावरून मोठ्या माणसांचे कडाक्याचे भांडण चालले होते. मी नऊ वर्षांचा. अंगणात कंदिलाच्या कामट्या तासत बसलो होतो. चाकू अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. अप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. त्या चाकूने ते वर्गातल्या चाळीस पोरांचे बोरू तासून देत. पाजवून पाजवून त्याचे पाते निम्मे झिजले होते आणि त्यावरचे कारखान्याचे नाव केव्हाच पुसले गेले होते. कामट्या झाल्या, मधल्या जाड काठीला एक भोक पाडायचे राहिले. मी चाकूचे टोक काठीवर टेकवले आणि जोर देऊन फिरवले. पाते जागचे हलले नाही, मूठच पुढे आली. मिटता चाकू मिटला, इतकेच. मध्ये माझे बोट होते.

होडीतून तालुक्याच्या गावी नेले. तिथे कातडी शिवली गेली. आत तुटलेली दोरी कोणाच्या ध्यानात आली नाही. अप्पा मला एका शब्दाने रागावले नाहीत. परत येताना भर खाडीत त्यांनी खिशातून चाकू काढला आणि पाण्यात सोडून दिला. त्यानंतर आमच्या घरी पेन्सिलीसुद्धा विळीवर तासल्या जात. पुढे १९७४ साली, शेवटच्या आजारात, अप्पा एकदा आपण होऊन म्हणाले, "पाठीतली पट्टी सैल झाली होती रे. मला ठाऊक होते." एवढेच. मी त्यावर काय बोललो ते मला आठवत नाही.

तेव्हा चाकूची निवड हा माझ्या दृष्टीने निव्वळ बाजारहाटाचा विषय नव्हता. सूनबाईपाशी मी एक सवलत मागितली: आधी मला चाकूची सगळी कुळकथा वाचून काढू दे, मग हो की नाही ते ठरवू. ती म्हणाली, "वाचा." तिला वाटले असणार, म्हातारा वाचत बसेल आणि पोरगी विसरून जाईल. पोरगी विसरली नाही.

प्रथम आपल्या घरापासूनच सुरुवात केली. सुरी हा शब्द आपला, संस्कृतातल्या क्षुरिकेची ही लेक. चाकू मात्र तुर्की-फारसी वाटेने आपल्याकडे आलेला पाहुणा. त्याच वाटेने आलेला आणखी एक सुंदर शब्द जुन्या लोकांच्या तोंडी असे: कलमतराश. तराश म्हणजे तासणे. तेव्हा कलम तासणारा तो कलमतराश. मोडीचे कागद लिहिणाऱ्या कारकुनाच्या दौतीजवळ बोरू आणि बोरूजवळ चाकू असायचाच. कारण बोरूचे टोक झिजते आणि ते पुन्हा तिरके कापल्याखेरीज अक्षर उमटत नाही. गमतीचा भाग असा की इंग्रजांच्या खिशातल्या लहान चाकूचे नावही नेमके याच अर्थाचे आहे, पेननाइफ. त्यांचे पेन म्हणजे पक्ष्याचे पीस. लेखणी कुठे बोरूची, कुठे पिसाची. तासणारा चाकू दोन्हीकडे एकच काम करीत होता.

मग मिटता चाकू आमच्या घरांत रुजला का नाही? मला वाटते, त्याची गरजच पडली नाही. घरात विळी होती. तिचे पाते जागेवर स्थिर आणि भाजी हलणारी, म्हणजे चाकूच्या अगदी उलट. रानात जाणाऱ्या कुळवाड्याच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयती. पान खाणाऱ्याच्या चंचीत अडकित्ता. ह्या तिघांत कापायचे बहुतेक सगळे आटोपत असे. राहता राहिला खिशातला चाकू, तो मास्तर-कारकुनांचा. आणि दुसरा तो रामपुरी, खटक्याने उघडणारा, सिनेमातल्या खलनायकाच्या हातातला. त्या रामपुरीने बिचाऱ्या साऱ्या चाकूजातीची अब्रू घालवली. अजूनही कोणी खिशातून चाकू काढला की चार माणसे मागे सरतात.

मिटते पाते ही कल्पना मात्र फार जुनी. ऑस्ट्रियात हालश्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा मानतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले चांदीचे एक मिटते अवजार आहे. त्यात चाकू आहे, चमचा आहे, काटा आहे, शिवाय टोकेरी सळई. प्रवासात चारीठाव जेवणारा कोणी रोमन गृहस्थ ते बाळगीत असावा.

पण चाकूची खरी गोष्ट सुरू होते ती इंग्लंडातल्या शेफील्डला. लाकूड चाकूने तासण्याला इंग्रजीत व्हिटल करणे म्हणतात, आणि हे क्रियापद चाकूच्याच एका जुन्या नावावरून आलेले आहे. त्या चाकूला थ्विटल म्हणत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने कँटरबरीच्या कथा रचल्या. त्यांतल्या एका कथेतला भांडखोर, चोरटा पिठगिरणीवाला आपल्या मोज्यात शेफील्डचा थ्विटल खोचून फिरतो. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच शेफील्डचे नाव घेतले की ऐकणाऱ्याला चाकू कळत होता.

शेफील्डच का? तिथे पाच लहान नद्या डोंगरातून उतरतात आणि त्यांच्या पाण्यावर धार लावण्याची चक्रे फिरत. चक्रांचा वालुकाश्म जवळच मिळे, आजूबाजूला कोळशासाठी रान. १६२४ साली पार्लमेंटाच्या कायद्याने तिथल्या चाकूवाल्यांचा संघ स्थापन झाला. कोणाच्या मालावर कोणाचे चिन्ह हे संघ ठरवी. पुढे मिटत्या चाकूच्या पाठीत पोलादाची लवचिक पट्टी आली. ती पात्याच्या टाचेला दाबून धरते. म्हणून पाते उघडले की उघडे राहते आणि जोर लावला की मिटते. हीच ती अप्पांच्या चाकूतली पट्टी. शेकडो वर्षे जगाने तिच्यावर विश्वास टाकला, आणि तसा तो अयोग्यही नव्हता. फक्त ती पट्टी पाते अडवीत नाही, नुसते धरून ठेवते. हा फरक मला नवव्या वर्षी कोणी सांगितला नव्हता.

शेफील्डची एक काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोरड्या दगडावर पोलाद घासणाऱ्या कारागिरांच्या छातीत दगडाची आणि लोखंडाची धूळ बसे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या डॉक्टरांनी त्यावर लिहून ठेवले आहे. जेवणाचे काटे घासणारे तर तिशी-पस्तिशीतच खोकत खोकत मरत. आजोबांचा जुना विलायती चाकू घरात जपून ठेवणाऱ्यांनी हेही ठाऊक करून घ्यावे.

आता पोलादाकडे येतो, कारण इथे गोष्टीला एकदम आपल्याकडचे वळण लागते.

डॉनकॅस्टरचा बेंजामिन हंट्समन हा पेशाने घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगा सारख्या मोडत, कारण त्या काळचे पोलाद एकजिनसी नसे. कुठे कडक, कुठे मऊ. १७४०च्या सुमारास तो शेफील्डजवळ हँड्सवर्थला आला आणि मातीच्या बंद मुशीत, सुमारे १६०० अंश सेल्सिअसच्या आचेवर पोलाद पूर्ण वितळवण्याची रीत त्याने बसवली. वितळले की मळ वर येतो आणि आतले सगळे एकसारखे होते. पोलाद उत्तम निघाले. पण शेफील्डच्या चाकूवाल्यांनी ते हातात घेऊन पाहिले आणि फार कडक आहे, घडवायला त्रास पडतो म्हणून नाकारले. हंट्समनने आपला माल फ्रान्सला विकला. त्या पोलादाचे फ्रेंच चाकू बाजारात येऊन शेफील्डला मागे टाकू लागले, तेव्हा कुठे ह्या मंडळींना जाग आली. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते फक्त आपल्याच देशात खरे आहे असे नाही.

हंट्समनने मुशीत पोलाद केले त्याच्या कितीतरी शतके आधीपासून दक्षिण हिंदुस्थानात, कर्नाटकात, तेलंगणात, तमिळ मुलखात, मातीच्या बंद मुशींत पोलाद होत होते. लोखंडाचे तुकडे आणि पाला-लाकूड मुशीत घालायचे, तोंड मातीने लिंपायचे आणि भट्टीत ठेवायचे. त्यातून नारळाच्या अर्ध्या वाटीएवढी लादी निघे. तीच अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाई आणि तिच्याच तलवारी दमास्कसच्या म्हणून गाजल्या. कानडीत पोलादाला उक्कु म्हणतात. तो शब्द इंग्रजी कानांत शिरून वूट्झ झाला, असे बहुतेक मानतात.

हे वूट्झ लंडनच्या विद्वानांपर्यंत कोणी पोचवले? मुंबईहून एका डॉक्टराने. हेलेनस स्कॉट नावाचे कंपनी सरकारचे एक डॉक्टर मुंबईत होते. त्यांनी ह्या पोलादाचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पाठवले. बँक्स यांनी ते परीक्षेसाठी वाटले आणि १७९५ साली जॉर्ज पीअर्सन यांनी त्यावर सोसायटीपुढे निबंध वाचला. पांढऱ्या आचेवर हे पोलाद हातोड्याखाली भुगा होई. तेव्हा लंडनचा एक चाकूवाला, जेम्स स्टोडार्ट, याने ते अगदी मंद, अंधारातच दिसेल इतक्या लाल आचेवर घडवले. आणि बँक्स यांच्या इच्छेवरून त्याने त्याचे काय केले असेल? तलवार नाही, खंजीर नाही. लेखणी तासायचा चाकू केला! त्याची धार उत्तम पोलादाच्या चाकूला हार जाणार नाही अशी निघाली. स्टोडार्ट पुढे आपल्या दुकानात वूट्झचे वस्तरे नि शस्त्रवैद्यांची हत्यारे विकू लागला. आणि ह्याच स्टोडार्टबरोबर, १८२०च्या आगेमागे, लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग करीत होता. विजेचे मोठे शोध त्याने लावले ते नंतर.

हा भाग वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. मुंबईहून जहाजातून गेलेल्या हिंदी पोलादाचा कलमतराश लंडनात घडतो, आणि दीडशे वर्षांनी आमच्या खेडेगावच्या मास्तराच्या खिशात विलायती चाकू येतो. मधल्या काळात आमच्या भट्ट्या विझल्या होत्या.

पुढचे शतक शेफील्डने पात्यांच्या संख्येत घालवले, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याने नॉरफोक नाइफ नावाचा एक चाकू केला. त्याला ७५ पाती आणि अवजारे. कारागिरी थक्क करणारी, यात शंका नाही. पण तो चाकू खिशात मावत नाही आणि त्याने कोणी काडी तासल्याचे ऐकिवात नाही.

ह्या पुष्कळ पात्यांच्या घराण्यात शहाणा निघाला तो स्वित्झर्लंडचा. श्वीझ परगण्यात इबाख येथे कार्ल एल्सेनर याने १८८४ साली आपला कारखाना काढला. स्विस सैन्याला नवी बंदूक आली होती आणि ती खोलायला पेचकस लागे. डबाबंद अन्न आले होते, त्याला डबा फोडण्याचे हत्यार लागे. म्हणून पाते, टोच्या, पेचकस आणि डबाफोडणी अशा चार वस्तूंचा शिपायाचा चाकू ठरला. पहिला माल जर्मनीतल्या सोलिंगेनहून आला. आपल्या सैन्याचा चाकू आपल्या देशात व्हावा म्हणून एल्सेनरने धडपड केली आणि १८९१ मध्ये आपला माल पुरवला. सोलिंगेनच्या स्वस्त मालापुढे तो कर्जात बुडाला, सोबतचे कारखानदार निघून गेले, पण हा टिकला. १८९७ साली त्याने हलका, बूच काढायच्या स्क्रूसकटचा अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला आणि त्याने त्याला तारले. १९०९ साली आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा त्याने कारखान्याच्या मालाला तिचे नाव दिले. आमच्या शेजाऱ्यांकडे ह्या जातीचा लाल चाकू आहे. नातीने तो मागून आणला. सुरेख वस्तू! पण तासायला बसलो तर दहा मिनिटांत तळहाताला बाजूच्या पट्ट्या रुतू लागल्या. प्रवासाला हा चाकू सोन्यासारखा, पण तासभर लाकडाशी बसायला नाही.

आणि मग मला आल्प्स पर्वतात, फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात, तो चाकू भेटला.

जोसेफ ओपिनेल हा १८७२ साली जन्मलेला, कुऱ्हाडी-कोयते घडवणाऱ्या घरातला मुलगा. वयाच्या अठराव्या वर्षी, १८९० साली, त्याने शेतकऱ्यांसाठी आणि गुराख्यांसाठी एक चाकू केला. एक पाते, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोल मूठ, मुठीला करवतीने पाडलेली खाच, एक खिळा आणि खिळ्याभोवती लोखंडाचे एक कडे. संपले! पाठीत पट्टीसुद्धा नाही. पाते लाकडाच्या खाचेतच घट्ट बसते. १८९७ साली त्याने १ ते १२ क्रमांकांचे लहानमोठे बारा चाकू केले. पैकी १ आणि ११ पुढे बंद झाले. १९०९ साली मुकुट घातलेल्या हाताची खूण नोंदवली गेली. ती आजही पात्यावर असते.

पावसाळी हवेत मुठीचे लाकूड फुगते आणि चाकू उघडता उघडत नाही. साव्हॉयचे लोक तेव्हा मुठीची मागची टाच टेबलावर ठोकतात, की पाते जरासे बाहेर येते. हे वाचून मला कोकणातल्या आमच्या घराच्या खिडक्या आठवल्या. आषाढात त्यांना बुक्क्या माराव्या लागत आणि त्यासाठी ज्याची त्याची एक जागा ठरलेली असे.

ह्या चाकूला एक उणीव होती. तीच, माझ्या बोटाची. ती मार्सेल ओपिनेल याने भरून काढली. आतल्या कड्यावर त्याने दुसरे, फिरते कडे बसवले. त्याला एक फट असते. पाते उघडायचे, कडे बोटाने फिरवायचे, फट सरकते आणि पात्याच्या टाचेमागे लोखंड येते. मग कितीही दाबा, पाते मिटत नाही. २००० सालापासून ते कडे मिटलेल्या पात्यालाही कुलूप घालते. युक्ती सर्वस्वी नवी नव्हती. फ्रान्समध्येच नोंत्रों गावच्या चाकूंना फिरते कडे असते. स्पेनच्या लांब नव्हाखा चाकूंना तर कित्येक पिढ्या आधीपासून कडकड वाजणारा खटका होता. पण तो चाकू लढणाऱ्या माणसाचा. अंगावर येणाऱ्याला भोसकताना आपली बोटे वाचावी, ही काळजी माणसाने फार लवकर घेतली. पोराच्या हातातल्या स्वस्त चाकूला ती मिळायला वेळ लागला.

ते कडे कधी निघाले, ते वर्ष मी मुद्दाम शेवटी सांगतो आहे. १९५५. माझ्या दिवाळीच्या एकच वर्ष आधी. आमच्या गावाला ते येऊन पोचायचा काही प्रश्नच नव्हता, हे मला कळते. तरी पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

धारेचा एक वाद थोडक्यात उरकतो. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने, बंदुकीची नळी लवकर झिजू नये म्हणून प्रयोग करता करता, सुमारे तेरा टक्के क्रोमियमचे न गंजणारे पोलाद काढले. तिथल्या चाकूवाल्यांनी पुन्हा आपले कुळशील दाखवले. न कापणाऱ्या सुऱ्यांचा कर्ता म्हणून त्याची थट्टा केली. आज घराघरांत त्याचेच पोलाद आहे. लाकूड तासणारे मात्र अजूनही पुष्कळदा साध्या, गंजणाऱ्या पोलादाचे पाते पसंत करतात, कारण ते घरच्या दगडावर चटकन पाजवले जाते. त्याने कैरी चिरली की ते काळे पडते, ओले ठेवले की तांबेरते. खोबरेल तेलाचे बोट फिरवून ठेवणाऱ्यानेच ते घ्यावे. आळशी माणसाला ब्रिअर्लीचे बरे.

सूनबाईच्या "कोणताच नाही"ला मात्र अजून उत्तर मिळाले नव्हते. त्यासाठी दोन देशांची उदाहरणे मी तिच्यापुढे ठेवली. स्वीडनमध्ये नेस येथे ओट्टो सालोमन याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षकांना हस्तोद्योग शिकवण्याची शाळा चालवली. त्याच्या क्रमात मुलाच्या हाती पहिले हत्यार येई ते चाकू; का, तर घरात पाहून पाहून तो मुलाच्या ओळखीचा असतो. आमच्या शाळेत आमच्या हाती टकळी आली. तिने कोणाचे बोट कापले नाही, हे मान्य. दुसरे उदाहरण जपानचे. तिथे मिकी गावचा हिगोनोकामी नावाचा पितळी मुठीचा मिटता चाकू एके काळी शाळकरी मुलांच्या खिशात असे. पेन्सिली नि बांबूची खेळणी त्यानेच तासत. १९६० साली समाजवादी नेते असानुमा यांचा एका सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत तलवारीने खून केला. त्यानंतर मुलांच्या हातून धारेच्या वस्तू काढून घेण्याची चळवळ देशभर झाली. खून तलवारीने झाला आणि गेला तो पेन्सिलीचा चाकू. हिगोनोकामी करणारे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले.

सूनबाईने सगळे ऐकून घेतले. मग तिने एकच विचारले, "त्या चाकूला खटका होता का? जपानच्या?" नव्हता. मुठीबाहेर आलेला एक लहान दांडा अंगठ्याने दाबून धरायचा, एवढाच आधार. "मग तो नको," ती म्हणाली. ह्या "तो नको" मध्ये बाकीच्यांना परवानगी आहे हे माझ्या आधी नातीच्या लक्षात आले.

परदेशातून येणाऱ्या भाच्याला सांगून चाकू आणवला. सोबतच्या पिशवीत विमानात चाकू चालत नाही, तेव्हा तो पेटीत, सदऱ्यांच्या घडीत बसून आला. मुलांसाठी त्याच घराण्यात बोथट गोल टोकाचे पाते मिळते, तेच मागवले. पाते आठ सेंटिमीटर, पातळ. जाड पाते लाकडात पाचरीसारखे शिरते आणि ढलपी फोडते. मूठ गोल, म्हणजे हात कुठेही फिरवला तरी रुतत नाही. अप्पांच्या चाकूचे मी कधी केले नव्हते ते ह्याचे पहिल्याच दिवशी केले: पाते उघडून, कडे फिरवून, पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर दाबून पाहिली. हलले नाही. पुन्हा दाबली. नात म्हणाली, "आबा, मोडाल."

लाकूड पांगाऱ्याचे आणले. सावंतवाडीच्या खेळण्यांना पूर्वापार हेच लाकूड वापरत. हलके आणि धारेला अडत नाही. शिवणही चांगली. सागाच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. त्याच्या अंगात रेतीसारखा कण असतो, तो धार खातो. उजव्या हातात चाकू, डाव्या हातात लाकूड, आणि जोर द्यायचा तो डाव्या अंगठ्याने पात्याच्या पाठीवर. हात हातभर पुढे केला तर त्या वर्तुळात दुसरे कोणी बसता कामा नये. रेषेच्या दिशेने तासायचे, उलटे गेले की लाकूड उपटते. आणि धार बोथटली की थांबायचे, कारण बोथट चाकूला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला चाकू कुठे जाईल ते सांगता येत नाही. एवढे मी शिकवले. चिमणी गणपतीत झाली. ती बदकासारखी दिसते, पण हे घरात कोणी बोलायचे नाही असे ठरले आहे.

नवरात्रात एकदा रात्री पाणी प्यायला उठलो, तर सूनबाई स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसून एक काडी तासत होती. खाली वर्तमानपत्र पसरलेले, त्यावर पातळ, वळलेल्या ढलप्या. मला पाहून तिने चाकू मिटला. म्हणजे आधी कडे फिरवले आणि मग मिटला. मी पाणी पिऊन परत आलो.

यंदाचा कंदील घरीच करतो आहोत. कामट्या नातीने तासल्या, एकसारख्या, सगळ्या कडा मारून. काल मधल्या काठीला भोक पाडायची वेळ आली. तिने काठी मांडीवर घेतली, चाकू उघडला आणि माझ्याकडे बघत कडे फिरवून दाखवले. मी तिच्या हातातून काठी काढून घेतली आणि कोपऱ्यावरच्या सुताराकडून गिरमिटाने भोक पाडून आणले.